गुणी अध्यापक टिकवावे कसे? प्रतिप्रस्ताव आणि वाढीव वेतन यांचा विचार

(महाविद्यालयीन अध्यापक, शिक्षणाधिकारी व ग्रामीण कार्यकर्ते यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठातील एखादा नामवंत अध्यापक नोकरी सोडून दुसरीकडे गेला, ही बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत छापून येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. परंतु त्या दोन ओळींमागे पुष्कळ काही घडलेले असते. त्याच्या हाताखाली संशोधन करणारे पाचसहा विद्यार्थी मध्येच पोरके होतात. वर्षानुवर्षे जमविलेली प्रयोगशाळा कुलूपबंद होते. विषयाची गोडी लावणारा माणूस गेल्यामुळे पुढच्या वर्षी त्या विषयाकडे वळणारी मुले कमी होतात. रिकामी जागा भरावयाची तर जाहिरात, अर्ज, छाननी, मुलाखती, मंजुरी यांत वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. यांतील कोणताही तोटा जमाखर्चाच्या वहीत लिहिला जात नाही. म्हणून तो कोणाला दिसत नाही, इतकेच.

हा प्रश्न केवळ शहरातील विद्वानांचा आहे, असेही समजण्याचे कारण नाही. खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा तालुक्याच्या महाविद्यालयातून विद्यापीठात जातो, तेव्हा त्याच्या घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे साठविलेले असतात. त्या मुलाला तेथे कोण शिकविणार, यावर त्या पैशाचे चीज अवलंबून असते. श्रीमंताचा मुलगा शिक्षकामागोमाग परगावी जाऊ शकतो. गरिबाच्या मुलाला ती सोय नसते. यास्तव चांगला अध्यापक टिकवून ठेवणे हा गरिबांच्याच हिताचा विषय आहे.

प्रतिप्रस्ताव म्हणजे काय?

खेडेगावात सालदाराची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. पाडव्याला साल संपते. चांगल्या सालदाराला शेजारचा बागाईतदार जास्त मोबदला देऊ करतो. मग जुना मालक जागा होतो आणि म्हणतो, ‘तो देतो तेवढे आम्हीही देतो, तू जाऊ नकोस.’ यालाच विद्यापीठांच्या भाषेत प्रतिप्रस्ताव म्हणतात. अध्यापकाला दुसऱ्या विद्यापीठाकडून लेखी बोलावणे येते. ते तो आपल्या विभागप्रमुखाला दाखवितो. विभागप्रमुख ते अधिष्ठात्यांकडे नेतो. आणि विद्यापीठाला तो माणूस हवा असेल तर वाढीव वेतन, प्रयोगशाळेसाठी रक्कम, अध्यापनाच्या तासांत सूट, पत्नीला किंवा पतीला नोकरी अशा गोष्टी पुढे ठेवून त्याचे मन वळविले जाते. अमेरिकेतील विद्यापीठांत ही रीत फार रूढ आहे. तेथील अनुभव पाहिला म्हणजे तिचे गुण आणि दोष दोन्ही ध्यानात येतात.

शिकागोचे दोन दाखले

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे १८८९ साली क्लार्क विद्यापीठ सुरू झाले. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांनी मोठ्या परिश्रमाने निवडक विद्वान गोळा केले. परंतु संस्थापक जोनास क्लार्क यांनी पुढे पैशाचा हात आखडता घेतला आणि अध्यक्षांच्या कारभाराविषयी अध्यापकांत अविश्वास पसरला. नेमक्या त्याच वेळी शिकागो येथे नवे विद्यापीठ उभे राहत होते. त्याच्या पाठीशी रॉकफेलर यांचे धन होते आणि अध्यक्ष विल्यम हार्पर यांच्याजवळ माणसे हेरण्याची दृष्टी होती. १८९२ च्या वसंतात हार्पर स्वतः वूस्टरला गेले आणि चांगल्या वेतनाचे आमिष दाखवून क्लार्कमधील अनेक अध्यापक शिकागोला घेऊन आले. प्रकाशाचा वेग मोजण्यासाठी प्रसिद्ध असलेले आल्बर्ट मायकेलसन त्यांतच होते. पुढे १९०७ साली मायकेलसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेला विज्ञानातील हा मान प्रथमच लाभत होता आणि तो शिकागोच्या नावावर जमा झाला.

या घटनेकडे पैशाने केलेली लूट म्हणून पाहिले जाते. परंतु बारकाईने पाहिले तर क्लार्कची भिंत आधीच आतून पोखरलेली होती, असे दिसते. वचनाप्रमाणे पैसा मिळत नव्हता, आणि वरिष्ठांवर भरवसा उरला नव्हता. अशा स्थितीत दाराशी आलेल्या पाहुण्याला फारसा जोर लावावा लागला नाही.

दुसरा दाखला त्याच शिकागोचा, पण उलट बाजूचा. लाहोर येथे जन्मलेले आणि मद्रासला शिकलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या वेधशाळेत रुजू झाले. १९४६ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांना हेन्री नॉरिस रसेल या विख्यात खगोलशास्त्रज्ञाची जागा देऊ केली. वेतन शिकागोच्या दुप्पट होते. शिकागोचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी तितकेच वेतन देण्याची तयारी दाखविली आणि चंद्रशेखरांचे मन वळविले. ते तेथेच राहिले. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९९५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे नाते शिकागोशीच होते. एका वेळच्या वेतनवाढीने विद्यापीठाला जवळजवळ अर्ध्या शतकाची सेवा मिळाली, असा हा हिशेब आहे. प्रतिप्रस्ताव हे साधन मुळातच वाईट नाही, ते योग्य माणसासाठी आणि योग्य वेळी वापरावे लागते, एवढे यावरून म्हणता येईल.

कलकत्त्याचा अनुभव

आपल्या देशात या विषयाचा सर्वांत बोधप्रद अध्याय कलकत्ता विद्यापीठात घडला. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांना माणसांची विलक्षण पारख होती. चंद्रशेखर वेंकट रामन त्या वेळी सरकारच्या अर्थखात्यात मोठ्या वेतनावर अधिकारी होते आणि सकाळ-संध्याकाळ फावल्या वेळात प्रयोग करीत. मुखर्जींनी त्यांना पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापकपद देऊ केले. विद्यापीठाचे वेतन अर्थखात्याहून कमी होते. तरीही १९१७ साली रामन यांनी सरकारी नोकरी सोडली. त्या पदासाठी परदेशी शिक्षणाची अट होती आणि रामन त्यासाठी परदेशी जाण्यास तयार नव्हते. विद्यापीठाने माणसासाठी अट बाजूला ठेवली. मनाजोगते काम करण्याची मोकळीक मिळाली, आणि १९२८ साली रामन यांचा जगप्रसिद्ध शोध कलकत्त्यातच लागला.

येथे वेतन कमी होते, तरी माणूस आला. याचा अर्थ वेतनाला महत्त्व नाही, असा मात्र काढता येत नाही. त्याच कलकत्त्यात तरुण सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे दोघेही शिकवीत होते. १९२१ साली डाक्का येथे नवे विद्यापीठ निघाले, तेव्हा बोस तेथे प्रपाठक म्हणून गेले. आइन्स्टाइनकडे १९२४ साली पाठविलेला त्यांचा प्रसिद्ध निबंध डाक्क्यातूनच गेला. साहा १९२३ साली अलाहाबादला गेले. त्या काळात कलकत्ता विद्यापीठ पैशाच्या विवंचनेत होते आणि अनुदानाच्या अटींवरून सरकारशी त्याचा वाद चालू होता. तिजोरी रिकामी असली की गुणग्राहक कुलगुरूंचे हातही बांधले जातात, हे यावरून दिसते.

या कथेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साहा १९३८ साली आणि बोस १९४५ साली कलकत्त्यास परत आले. गेलेला माणूस शत्रू झाला असे मानून दार लावून घेतले असते, तर हे घडले नसते. जाणाऱ्याला मानाने निरोप देणे आणि परतीची वाट मोकळी ठेवणे, हाही माणसे राखण्याचाच एक प्रकार आहे.

मराठी मुलखातील परंपरा

मराठी माणसाला या विषयात आणखी एक परंपरा ठाऊक आहे, ती त्यागाची. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करावी, ही तेथील प्रतिज्ञा. मासिक पंचाहत्तर रुपयांवर गोपाळ कृष्ण गोखले आणि धोंडो केशव कर्वे यांच्यासारख्यांनी तेथे उमेदीची वर्षे घालविली. बडोद्यासही असेच उदाहरण आहे. अरविंद घोष १८९३ पासून बडोदे संस्थानच्या सेवेत होते. तेथील चांगल्या वेतनाची आणि मानाची जागा सोडून ते १९०६ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात मासिक दीडशे रुपयांवर गेले. अशा माणसाला कोणता प्रतिप्रस्ताव थोपविणार? ध्येयासाठी जाणाऱ्याला पैशाने अडविता येत नाही, आणि ध्येयासाठी राहणाऱ्याला पैशाने फोडता येत नाही.

तथापि या परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. पुण्याच्या त्याच संस्थेत वेतनवाढ, बाहेरची कमाई आणि वैयक्तिक प्राप्ती यांवरून तीव्र मतभेद झाले. आजीव सदस्यांनी बाहेरून मिळविलेले उत्पन्न संस्थेचे मानावे, सर्वांनी सारखेच घ्यावे, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. तर प्रपंचाची गरज वाढत जाते, तिचा विचार झाला पाहिजे, असे आगरकर व इतर सदस्यांचे म्हणणे होते. इंदूरच्या होळकर महाराजांकडून मिळालेल्या देणगीवरूनही खटका उडाला. अखेर १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. वादाचा विषय थोड्याशा रुपयांचा होता, परंतु त्यात संस्थेने आपला एक संस्थापक गमावला. दोन्ही पक्ष निःस्वार्थ होते, म्हणून हा धडा अधिक मोलाचा आहे. वेतनाचा नियम अगोदर स्पष्ट नसेल तर सज्जनांतही कलह माजतो.

बडोद्याचाच एक अलीकडचा दाखला सांगण्यासारखा आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबाई मेहता होत्या. १९५० साली तेथे ललितकला विभाग सुरू झाला आणि इंदूरला जन्मलेले चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तेथे शिकविण्यासाठी आले. नवा अभ्यासक्रम आखण्याची मुभा, स्वतःची चित्रे रंगविण्यास अवकाश आणि तोलामोलाचे सहकारी या गोष्टी तेथे होत्या. बेंद्रे १९६६ पर्यंत बडोद्यात राहिले आणि त्या विभागाचे नाव देशभर झाले. विद्यापीठाच्या तिजोरीपेक्षा तेथील वातावरण माणसे अधिक काळ बांधून ठेवते, हे या उदाहरणावरून पटते.

आजची नियमावली काय देते?

आज आपल्याकडील शासकीय व अनुदानित विद्यापीठांत वेतन ठरते ते वेतनश्रेणीने. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेनुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन मासिक ५७,७०० रुपयांपासून, सहयोगी प्राध्यापकाचे १,३१,४०० रुपयांपासून आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता. दरवर्षी सुमारे तीन टक्क्यांची वेतनवाढ सर्वांना सारखीच. चांगले शिकविणारा आणि वर्गात न फिरकणारा यांच्या वेतनात ही श्रेणी भेद करीत नाही.

याला कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदात मार्गदर्शक म्हणून नमूद केलेले आहे. कुलगुरूंच्या मर्जीवर वेतन ठरू लागले तर वशिल्याला ऊत येईल, ही भीती खोटी नाही. ज्यांनी संस्थाचालकांच्या लहरीवर चालणाऱ्या शाळा पाहिल्या आहेत, त्यांना वेतनश्रेणीचे मोल सांगावयास नको.

परंतु या रचनेत एक विचित्र गोष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमावलीत उच्च गुणवत्तेच्या उमेदवाराला सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक पदावर नेमताना आगाऊ वेतनवाढी देण्याची सोय ठेवलेली होती. म्हणजे बाहेरून येणाऱ्याचे स्वागत वाढीव वेतनाने होऊ शकत होते. पण वीस वर्षे त्याच ओट्यावर राबणाऱ्याला, तो जाऊ नये म्हणून, तसेच काही देण्याचा सरळ मार्ग नव्हता. वेतन वाढवून घ्यावयाचे तर घर सोडा, असेच जणू ही रचना शिकविते. खासगी विद्यापीठे आणि परदेशी संस्था अधिक वेतन देऊ करीत असताना ही विसंगती अधिक बोचते.

आगाऊ वेतनवाढीचा भार फार मोठा असतो, असेही नाही. प्राध्यापकाच्या पहिल्या पायरीवर १,४४,२०० रुपये घेणाऱ्यास तीन वेतनवाढी दिल्या तर मूळ वेतन १,५७,६०० होते. महिन्याला १३,४०० आणि वर्षाला १,६०,८०० रुपये, अधिक त्यावरील भत्ते. एका विभागाचे संशोधन बंद पडण्याशी तुलना करता ही रक्कम जास्त म्हणता येणार नाही.

प्रतिप्रस्तावाचे दोष

इतके सांगितल्यावर या पद्धतीचे दोषही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजेत.

पहिला दोष असा की, ही पद्धत निष्ठेला शिक्षा करते. जो अर्ज करीत हिंडतो त्याला मिळते. जो निमूटपणे काम करतो त्याला मिळत नाही. मग ज्याला जावयाचे नाही तोही केवळ दाखविण्यासाठी बाहेरचे पत्र मिळवू लागतो. त्यात त्याचा वेळ जातो आणि बोलावणाऱ्या संस्थेची फसवणूक होते.

दुसरा दोष, सर्वांना सारखी संधी नसते. आजारी आईवडिलांची जबाबदारी असलेला, ज्याचे शेत-घर गावाशी बांधलेले आहे असा, किंवा पतीची नोकरी त्याच गावी असलेली अध्यापिका, यांना दुसरीकडे जाण्याची धमकी देता येत नाही. त्यांची गुणवत्ता कमी नसते. पण बाजार त्यांची किंमत कमी ठरवितो. पुष्कळ ठिकाणी स्त्रियांचे वेतन मागे राहते, त्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरा दोष सहकाऱ्यांच्या मनातील सलाचा. एकाला गुपचूप दिलेली वाढ गुप्त राहत नाही. विभागात कुजबूज सुरू होते, आणि एक माणूस राखताना चार माणसांचा उत्साह मावळतो.

चौथा दोष, ज्याचे मन उडाले आहे त्याला पैशाने किती काळ धरून ठेवणार? प्रयोगशाळेत उपकरणे नाहीत, ग्रंथालयात नियतकालिके येत नाहीत, साध्या मंजुरीसाठी कागद सहा महिने टेबलावर पडून राहतो, अशा त्रासाला कंटाळलेला माणूस वाढीव वेतन घेऊन आणखी वर्षभर थांबतो आणि मग जातोच.

मार्ग कोणता?

या सर्वांचा मेळ घातला तर काही गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, बाहेरचे पत्र येईपर्यंत वाट पाहू नये. पाटाचे पाणी बांध फुटण्याआधीच वळवावयाचे असते. दर तीन वर्षांनी प्रत्येक विभागातील कामाचा आढावा घेऊन, ज्यांचे अध्यापन व संशोधन खरोखर उत्तम आहे त्यांना न मागता वाढीव लाभ द्यावा. असा नियम असला म्हणजे निष्ठावंतालाही न्याय मिळतो.

दुसरी गोष्ट, हा निर्णय एका व्यक्तीच्या हाती नसावा. बाहेरचे तज्ज्ञ असलेल्या समितीने लेखी निकषांवर शिफारस करावी आणि निर्णय कारणांसह जाहीर व्हावा. ज्याचे कारण चारचौघांत सांगता येत नाही ती वाढ देऊच नये. विद्यार्थ्यांचे मतही त्यात विचारात घ्यावे. केवळ छापील निबंधांची संख्या मोजू नये.

तिसरी गोष्ट, वाढीव रक्कम शक्यतो ठराविक मुदतीचा भत्ता किंवा संशोधन-निधी या रूपाने द्यावी. पाच वर्षांनी पुन्हा आढावा घ्यावा. त्यामुळे वेतनश्रेणीची चौकट मोडत नाही आणि एकदा मिळालेला लाभ काम थांबल्यावरही चालू राहत नाही.

चौथी गोष्ट, पैशाखेरीज जे देता येते ते आधी द्यावे. राहण्यास निवासस्थान, अध्यापनाच्या तासांत सवलत, अभ्यासरजा, उपकरणांची वेळेवर खरेदी, कारकुनी कामातून सुटका. लहान गावातील विद्यापीठाला मुंबई-पुण्याशी वेतनात बरोबरी करता येणार नाही. या गोष्टींत मात्र ते सहज पुढे जाऊ शकते.

पाचवी गोष्ट, जाणाऱ्याचा धारणाधिकार दोन-तीन वर्षे राखून ठेवण्याबाबत उदार धोरण असावे. बाहेरचे जग पाहून परत आलेला अध्यापक संस्थेची श्रीमंती वाढवितो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. अनेक महाविद्यालयांत मंजूर जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक अल्प मानधनावर, पुढच्या वर्षाची शाश्वती नसताना शिकवीत असतात. त्यांच्यातही उद्याचे बोस आणि साहा असू शकतात. ते विद्यापीठाच्या दारातूनच परत फिरतात. त्यांना दुसरीकडून बोलावणे आल्याचे कोणाला कळत नाही आणि कोणी त्यांना थांबा असेही म्हणत नाही. वरच्या पायरीवरील एका नामवंताला राखण्यासाठी तिजोरी उघडताना, खालच्या पायरीवरील दहा जणांचे मानधन थकलेले असेल, तर ती वाढ कितीही समर्थनीय असली तरी न्याय्य वाटणार नाही. रिकाम्या जागा भरणे आणि सर्वांना वेळेवर वेतन देणे हा माणसे टिकविण्याचा पहिला उपाय होय. विशेष वेतनाचा क्रमांक त्यानंतरचा.

ग्रामस्थांचे आणि पालकांचेही यात कर्तव्य आहे. गावचा मुलगा विद्यापीठातून सुटीत घरी आला म्हणजे त्याला गुण किती पडले एवढेच न विचारता, शिकविते कोण, विभागात किती जागा भरलेल्या आहेत, प्रयोग प्रत्यक्ष करावयास मिळतात काय, हेही विचारावे. अधिसभेवर निवडून जाणाऱ्या प्रतिनिधींपुढे आणि लोकप्रतिनिधींपुढे हेच प्रश्न ठेवावेत. विद्यापीठ चालते ते जनतेच्या पैशावर, आणि तेथील उत्तम अध्यापक ही जनतेची ठेव आहे. तिची काळजी वेळेवर आणि न्यायाने घेतली, तर प्रतिप्रस्ताव करण्याचे प्रसंग फार थोडे येतील. आणि जे येतील त्या वेळी तो खुल्या मनाने, सर्वांना कारण सांगून करता येईल.